पर्यावरणाच्या गोष्टी : रडक्या नकोत, गोडगोड नकोत, मग कशा सांगायच्या?

रानपाखरू

२०२४ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६३ देशांतल्या ५९ हजारांहून जास्त लोकांवर तो केला होता. हवामानबदलाबद्दल लोकांशी बोलण्याच्या अकरा तऱ्हा संशोधकांनी ताडून पाहिल्या. त्यातली एक म्हणजे सरळ भीती घालणं : हे बुडणार, ते जळणार. भीती घातलेल्या लोकांनी हवामानाविषयीचा मजकूर समाजमाध्यमांवर पुढे पाठवायची तयारी सगळ्यांत जास्त दाखवली. त्याच अभ्यासात एक कंटाळवाणं कामही होतं. ते नेटाने केलं, तर संशोधक खरोखर झाडं लावणार होते. तिथे मात्र हीच भ्यालेली मंडळी मागे पडली.

हे वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, कारण गोष्टी सांगणं हेच माझं काम. मुलांसाठी जास्त, कधीमधी मोठ्यांसाठीही. पर्यावरणाचा विषय निघाला की माझ्या पोतडीत दोनच जातीच्या गोष्टी सापडतात. पहिली : बर्फ वितळतंय, प्रवाळ मरतंय, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा काही उरलेलं नसेल. दुसरी : एका शूर मुलाने एक रोप लावलं आणि सगळं हिरवंगार झालं. पहिली ऐकून मुलं गप्प होतात. दुसरी ऐकून तेरा-चौदा वर्षांची पोरं एकमेकांकडे बघून हसतात, आणि मला त्यांचं हसणं पटतं. दोन्ही गोष्टींत मधला भागच गायब असतो. कोणी काय केलं, कोण आडवं आलं, किती वर्षं काहीच हललं नाही, मग कशाने हललं, हे कोणी सांगतच नाही.

ओझोनची गोष्ट घ्या. पाठ्यपुस्तकात ती दोन ओळींत उरकते : सीएफसी नावाच्या वायूंमुळे ओझोनच्या थराला भोक पडलं, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, प्रश्न सुटला. मधला भाग असा आहे. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या दोन रसायनशास्त्रज्ञांनी कागदावर मांडलं की फ्रीजमधला आणि स्प्रेच्या डब्यातला हा गरीब दिसणारा वायू वर जाऊन ओझोन खातो. भोक तेव्हा कोणी पाहिलेलं नव्हतं. उद्योगांनी त्यांना उडवून लावलं. पण अमेरिकेत बऱ्याच लोकांनी कायद्याची वाट न बघता स्प्रेचे डबे घेणं कमी केलं, खप पडला, आणि १९७८ मध्ये तिथे स्प्रेमध्ये सीएफसी वापरायला बंदी आली. मग विषय थंडावला.

तिकडे अंटार्क्टिकावरच्या हॅली केंद्रात ब्रिटिश लोक १९५० च्या दशकापासून वर्षामागून वर्ष ओझोन मोजत बसले होते. त्यात बातमी नव्हती, कौतुक नव्हतं. ती मोजणी अचानक कामाला आली. जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी १९८५ मध्ये थराला भोक पडल्याचे ते आकडे छापले तेव्हा जग हादरलं, आणि दोन वर्षांत करार झाला. आज नियंत्रणाखालच्या रसायनांपैकी जवळजवळ ९९ टक्के वापरातून गेली आहेत. अंटार्क्टिकावरचा थर १९८० च्या पातळीला यायला मात्र साधारण २०६६ उजाडेल असा अंदाज आहे.

२०६६! १९७४ मध्ये ज्या माणसाने दुकानात हातातला डबा परत फळीवर ठेवला, तो हे बघायला बहुधा नसणार. मला गोष्टीतला हाच माणूस सगळ्यात आवडतो आणि त्याच्याविषयी कुठेच काही लिहिलेलं नाही.

तर मंडळी, अशा मधल्या भागासकट गोष्टी सांगा. अट एकच, शेवट गोड करण्यासाठी काही लपवायचं नाही.


खडूस_अभियंता

धागा चांगला आहे म्हणूनच विरोधात लिहितो.

ओझोन हे फार सोयीचं उदाहरण आहे. मूठभर कंपन्या ती रसायनं बनवत होत्या, पर्याय आवाक्यात होता, आणि सर्वांत मोठ्या उत्पादक कंपनीला त्या पर्यायात धंदा दिसला तेव्हा तिचा सूर बदलला. कोळसा, तेल आणि वायू यांच्यावर सगळं जग चालतं. तिथे डबा फळीवर परत ठेवून भागत नाही.

दुसरं. आशेच्या गोष्टींचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण असतं, हेही बघा. १९७१ मध्ये अमेरिकेत एक जाहिरात गाजली होती. रस्त्यावरचा कचरा बघून एका मूळनिवासी माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. संदेश असा की प्रदूषण लोक करतात आणि लोकच ते थांबवू शकतात. ती ज्या संस्थेने काढली तिला पैसा पुरवणाऱ्यांत शीतपेयं आणि वेष्टनं बनवणारे उद्योग होते. पुढे २००० च्या दशकात बीपी या तेल कंपनीने 'तुमचा कार्बन फूटप्रिंट किती?', म्हणजे तुमच्यामुळे हवेत कार्बन किती जातो, असं विचारत जाहिराती केल्या. तेल विकणारा तुम्हाला तुमच्या दिव्याचा हिशेब मागतो! 'प्रत्येकाने आपापला वाटा उचलावा' हे ऐकलं की माझा हात आधी खिशावर जातो.

म्हणून रानपाखरू, तुमच्या गोष्टीतला डबेवाला माणूस गोड आहे, पण करार त्याने केला नाही. सरकारांनी केला.


मोरपंखी

+१ खडूसदादांना. 'तू एकटी बदल घडवू शकतेस' हे वाक्य छापलेली कापडी पिशवी माझ्याकडे आहे. अशा चार पिशव्या आहेत, त्यातल्या तीन फुकट मिळालेल्या.


रानपाखरू

खडूसदादा, १९७१ ची जाहिरात माहीत होती. त्यातला गमतीचा भाग असा की तो 'मूळनिवासी' नट प्रत्यक्षात इटालियन आईबापांचा मुलगा होता.

करार सरकारांनी केला हे खरंच. पण १९७८ च्या बंदीपर्यंतचा क्रम बघा. आधी दोन शास्त्रज्ञ प्रयोगशाळेबाहेर येऊन बोलले. मग लोकांनी खरेदी बदलली. मग खप पडलाय म्हटल्यावर बंदीचं राजकारण सोपं झालं. डबेवाल्याने करार केला नाही, करार करायची किंमत कमी केली. एवढंच श्रेय मी त्याला देते, जास्त नाही.


तळटीप

मानसशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालतो.

१९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. सुटकेचा उपाय नसलेले विजेचे धक्के सोसलेली कुत्री, पुढे सुटकेचा रस्ता समोर असतानाही जागची हलत नव्हती. यातून सिद्धान्त निघाला की असहायता शिकली जाते. कित्येक वर्षं हेच शिकवलं गेलं. मग मेंदूच्या आतलं काम जास्त कळू लागलं आणि २०१६ मध्ये याच दोघांनी लिहिलं की आपलं मूळ म्हणणं उलटं होतं. त्रास लांबला की हातपाय गाळणं ही मेंदूची उपजत प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. आपल्या करण्याने काही फरक पडतो, हे मात्र शिकावं लागतं. आणि ते अनुभवाने शिकलं जातं.

माझ्या मते या धाग्याचा गाभा इथे आहे. बातम्या बघून सुन्न होणारा माणूस आळशी किंवा स्वार्थी नसतो, त्याचा मेंदू नेहमीचंच काम करत असतो.

दुसरा संदर्भ चार्ल्स स्नायडर यांचा. १९९० च्या दशकात त्यांनी आशेचे दोन भाग मांडले : 'मला हे जमेल' ही धमक आणि तिथवर जायचे रस्ते डोक्यात असणं. एक असून दुसरं नसेल तर उपयोग नाही. रानपाखरूंच्या शूर मुलाच्या गोष्टीत धमक ठासून भरलेली असते आणि रस्ता शून्य. मोठी मुलं हसतात ती त्यामुळे असावीत.


अर्धा_ग्लास

तुम्ही सगळे छान लिहिताय, पण मी वेगळ्या ठिकाणी आहे.

औद्योगिक काळाच्या आधीच्या मानाने सरासरी दीड अंश तापमानवाढीची रेघ ओलांडणारं २०२४ हे पहिलं वर्ष ठरलं. २०२३ मध्ये सुरू झालेल्या उष्म्याच्या लाटेने जगातल्या ८० टक्क्यांहून जास्त प्रवाळक्षेत्राला विरंजनाइतका, म्हणजे प्रवाळ पांढरे पडण्याइतका, ताप दिला. हे सगळं मी रोज वाचतो. नोकरी आहे, मित्र आहेत, तब्येत ठीक आहे, पण पुढच्या दहा वर्षांचा विचार करायला बसलो की डोकं बंद पडतं. कोणी आशेबद्दल बोललं की राग येतो. त्यांना आकडे कळलेच नाहीत असं वाटतं.

मला गोष्ट नको आहे. एक साधं उत्तर हवं आहे. हातातून सुटलंय की नाही?


तळटीप

अर्धा_ग्लास, साधं उत्तर : काही गोष्टी सुटल्या आहेत, सगळं सुटलेलं नाही, आणि यातला फरक मोजता येण्यासारखा आहे.

सुटलेलं आधी सांगतो. समुद्राची पातळी कित्येक शतकं वाढत राहणार, कारण समुद्र आणि बर्फ सावकाश प्रतिसाद देतात. उष्ण पाण्यातल्या प्रवाळांचा मोठा हिस्सा जाईल. हे कोणी गोड करून सांगू नये.

पण तापमानाचं तसं नाही. आज उत्सर्जन शून्यावर आणलं तरी पुढची अनेक दशकं पृथ्वी तापतच राहणार, असा एक समज सगळीकडे आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-समितीच्या २०२१ च्या अहवालातला निष्कर्ष वेगळा आहे. निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्य झालं, की त्यातून होणारी तापमानवाढ थोड्याच वर्षांत जवळपास थांबते. ती लगेच उतरत नाही, पण थांबते. म्हणजे तापमान कुठे थांबेल हे अजून न घडलेल्या उत्सर्जनावर ठरतं. दीड अंश हा कडेलोट नाही. १.७ आणि १.९ यांत माणसांचा, पिकांचा, जंगलांचा फरक आहे, आणि २.३ आणि २.५ यांतही आहे. 'आता उपयोग नाही' म्हणण्याची वेळ कुठल्याच आकड्यावर येत नाही.

आणि आकडे हललेही आहेत. हवामानावरच्या २०१५ च्या पॅरिस कराराच्या आधी जग शतकाअखेर साधारण साडेतीन अंशांच्या पुढे चाललं होतं. आजच्या धोरणांवर अंदाज पावणेतीनच्या आसपास येतो. पावणेतीन भयानकच आहे. पण तो पाऊण अंश आपोआप कमी झालेला नाही. २०१० ते २०२० मध्ये सौर पॅनेलच्या किमती जवळपास ९० टक्क्यांनी उतरल्या त्यामागे धोरणं होती, अनुदानं होती, कारखान्यात रोज थोडं थोडं सुधारणारे लोक होते, आणि महाग असताना विकत घेणारे वेडेही होते.


पुस्तकी_आजी

अर्ध्या ग्लासा, तुला राग येतो हे चांगलं लक्षण आहे रे. राग येणारा माणूस सुन्न झालेला नसतो.

तळटीपेने आकडे दिलेच आहेत, मी एकच विचारते. हे सगळं तू वाचतोस कोणाबरोबर? एकटाच ना? रात्री, फोनवर? ते आधी बदल. वाचन कमी कर असं म्हणत नाही, मीही वाचते. पण मोजणी करणाऱ्या, रोपं जगवणाऱ्या, नाहीतर नगरपालिकेच्या सभेला जाऊन भांडणाऱ्या चार माणसांत बसून तेच वाच. आकडे तेच राहतात, पण ते ऐकून पुढे काय करायचं हे विचारायला शेजारी कोणीतरी असतं.


अर्धा_ग्लास

आजी, रात्री फोनवरच. कसं ओळखलंत?

पण माणसं आणायची कुठून? माझ्या आजूबाजूला कोणालाच पडलेली नाही.


तळटीप

'कोणालाच पडलेली नाही' यावर आकडे आहेत आणि ते भारी आहेत. १२५ देशांतल्या जवळपास १ लाख ३० हजार लोकांना विचारलं गेलं, दरमहा उत्पन्नाचा एक टक्का हवामानासाठी द्याल का? ६९ टक्के हो म्हणाले. मग विचारलं, तुमच्या देशातले किती लोक देतील असं वाटतं? सरासरी उत्तर आलं ४३ टक्के. सरकारने जास्त करायला हवं असं म्हणणारे तर ८९ टक्के होते. हा अभ्यास २०२४ चा आहे. म्हणजे काळजी करणारा जवळपास प्रत्येक जण समजतो की आपणच तेवढे वेडे. तुमच्या शेजारच्या टेबलावर बसणाराही तुमच्याबद्दल हेच म्हणत असेल, 'त्याला काही पडलेली नाही.'


मोरपंखी

हे ६९-४३ वाचून मी खरंच ऑफिसात आजूबाजूला बघितलं. संशय येतोय सगळ्यांचा.


पाणकोंबडी

रानपाखरू, तुमच्या अटीत बसणारी एक गोष्ट माझ्याकडे आहे, आणि ती गोष्ट सांगण्याबद्दलच आहे.

हरगिला नावाचा प्रचंड मोठा करकोचा आहे. टकला, गळ्याखाली लोंबती पिशवी, सडलेलं मांस खाणारा. जगात उरलेल्यांपैकी बहुतेक आसामात. तो घरटं उंच झाडावर करतो, आणि ती झाडं लोकांच्या खासगी आवारात असतात. खालच्या अंगणात काय काय पडतं ते विचारू नका. लोक त्याला अशुभ मानायचे, रोग आणणारा म्हणायचे आणि झाडच तोडून टाकायचे. पूर्णिमा देवी बर्मन पीएचडीचं काम करत होत्या. २००७ मध्ये पिल्लांसकट झाड पाडलेलं त्यांनी पाहिलं. तोडणाऱ्याला बोलायला गेल्या, तर माणसं जमा होऊन त्यांचीच थट्टा झाली.

इथे त्यांनी जे केलं ते मला फार हुशारीचं वाटतं. धोक्यात आलेली जात, अन्नसाखळी, कायदा असलं व्याख्यान त्यांनी बाजूला ठेवलं. पीएचडी लांबणीवर टाकली. बायकांकडे गेल्या, कारण आवार बायकांचं आणि साफ करणाऱ्याही त्याच. घरटी लागायच्या दिवसांत, गरोदर बाईचं कोडकौतुक करावं तसा हरगिलाचा सोहळा सुरू केला. मग मागावर विणलेल्या कापडावर हरगिला आला. त्यातून बायकांच्या हातात पैसा आला. ज्या पक्ष्याने आवार घाण होतं तोच साडीच्या पदरावर गेला.

पक्षी तोच, दुर्गंधी तीच. त्याच्याबद्दल सांगितली जाणारी गोष्ट बदलली, आणि ती बदलणाऱ्या बायकांना स्वतःचं काही मिळालं. आज त्या गटात दहा हजारांहून जास्त बायका आहेत. तिथल्या दादरा, पचारिया या भागातली घरटी २८ वरून २५० च्या वर गेली. २०२३ मध्ये जागतिक यादीत हरगिला 'धोक्यात'मधून 'धोक्याच्या जवळ' या गटात आला.

लपवायचं नाही म्हणालात म्हणून सांगते : हा पक्षी आता कचऱ्याच्या डेपोंवर मोठ्या संख्येने पोट भरतो. पाणथळ जागा कमी होताहेत. ती बाजू अजून सुटलेली नाही.


रानपाखरू

पाणकोंबडीताई, ही माझी झाली, आधीच सांगून ठेवते! थट्टा झाली तो भाग मुलांना नक्की सांगणार. थट्टा झाल्यावर माणूस परत कसा जातो, हे मुलांना कोणत्याही पराक्रमापेक्षा जास्त ऐकायचं असतं.


जुनी_सायकल

वांगारी मथाई यांचं नाव अजून कसं आलं नाही? ग्रीन बेल्ट चळवळ, केनिया, १९७७. २००४ चं शांततेचं नोबेल. त्यांची गोष्ट 'बाईंनी झाडं लावली' अशी सांगितली जाते, ती फार अर्धवट आहे.

सुरुवात झाडांपासून झालीच नाही. खेड्यातल्या बायका सांगत होत्या की सरपणाला लांब जावं लागतं, पाणी आटलं, माती वाहून जाते. मथाई म्हणाल्या, मग झाडं लावू. वनखात्याच्या लोकांना ते हास्यास्पद वाटलं, हे काम शिकलेल्या वनाधिकाऱ्यांचं. बायकांनी फुटक्या भांड्यांत, मिळेल त्यात बी रुजवलं. आणि एक हिशेबी कलम होतं जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं : मोबदला रोप लावल्याचा नव्हता, जगलेल्या रोपाचा होता. रक्कम किरकोळ, पण सगळा फरक त्यात आहे. जगभरात एका दिवसात लाखो रोपं लावायचे सोहळे होतात आणि त्यातली किती जगली हे विचारायला कोणी परत जात नाही.

पुढे या बायका सरकारला प्रश्न विचारू लागल्या. १९८९ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये साठ मजली इमारत उभारायचा सत्ताधाऱ्यांचा बेत होता. मथाईंनी पत्रांमागून पत्रं लिहिली, संसदेत त्यांची नालस्ती झाली, पण परदेशी पैसा मागे हटला आणि इमारत बारगळली. पुढच्या काळात त्यांना मारहाण झाली, तुरुंगही झाला.

खडूसराव, तुमच्या वैयक्तिक-विरुद्ध-सरकार भांडणाला माझं हे उत्तर. रोप जगवताना जी बाई 'माझ्या हाताने काहीतरी झालं' हे शिकली, तीच नंतर उद्यानासाठी उभी राहिली. पहिलं काम लहान होतं म्हणून ते दुसऱ्याच्या आड आलं नाही.


खडूस_अभियंता

जगलेल्या रोपाचा मोबदला, हे अभियंत्याला पटणारं आहे. ज्याने ते कलम घातलं त्याला सलाम.

तरी माझा मुद्दा मागे घेत नाही, थोडा दुरुस्त करतो. माझा राग लहान कामांवर नाही. लहान काम करून समाधान वाटलं की माणूस घरी जाऊन झोपतो, आणि तसं व्हावं म्हणूनच त्या जाहिराती असतात. मथाईंच्या बायका झोपल्या नाहीत, कारण त्या गटात होत्या आणि गटाकडे पुढचं काम तयार होतं. एकट्याने कचरा वेगळा करणाऱ्याकडे पुढचं काम नसतं.

आणि ओझोनच्या गोष्टीचं शेपूट मी जोडतो, कारण रानपाखरूंनी ते तोडलंय. सीएफसीच्या जागी जी रसायनं आली, त्यातली बरीच कडक हरितगृह वायू निघाली. त्यांच्यासाठी २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला माँट्रियल करारात नवी दुरुस्ती करावी लागली. २०१८ मध्ये हवेतल्या सीएफसी-११ या बंदी असलेल्या वायूची घट अपेक्षेपेक्षा मंदावलेली दिसली, म्हणजे कोणीतरी गुपचूप बनवत होतं. मोजणीतून माग पूर्व चीनपर्यंत गेला, बोभाटा झाला आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत उत्सर्जन पुन्हा उतरलं. म्हणजे सुटलेल्या प्रश्नावरही पहारा लागतो. मुलांना हेही सांगा. 'प्रश्न सुटला' म्हणून पुस्तक मिटणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.


रानपाखरू

शेपूट मंजूर. खरं तर गोष्ट त्यामुळे जास्त रंगते, चोर पकडायचा भाग आला की मुलं सरसावून बसतात.


शाळा_सुटली

शिक्षिका आहे, म्हणून एक सावधगिरीची सूचना. मुलांना धमक देण्याच्या नादात आपण 'आता जग तुमच्या हातात' असं म्हणून ओझं त्यांच्या पाठीवर टाकतो. २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १० हजार मुलामुलींना विचारलं होतं. निम्म्याहून जास्त मुलांना वाटत होतं की मानवजातीचं काही खरं नाही. त्याच पाहणीत, सरकारं आपला विश्वासघात करताहेत या भावनेचा काळजीशी संबंध दिसला. म्हणजे फक्त हवामान नाही, मोठी माणसं काही करत नाहीत हेही त्यांना छळतं.

माझी वर्गातली पद्धत साधी आहे. गोष्टीत एक तरी मोठं माणूस काम करताना दिसलं पाहिजे, आणि मुलाला द्यायचं काम त्याच्या वयाला पेलणारं हवं, ज्याचा निकाल त्याच वर्षात दिसेल. पक्ष्यांची नोंद, पाण्याचा गढूळपणा मोजणं, शाळेच्या आवारातल्या एका झाडाला पालवी कधी फुटली याची तारीख. 'पृथ्वी वाचवा' हे दहा वर्षांच्या मुलाला द्यायचं काम नव्हे.


पुस्तकी_आजी

शाळा_सुटली बाई, तुम्ही म्हणता तशी नेमकी एक गोष्ट मला ठाऊक आहे. मुलांचं वयाला पेलणारं काम, आणि निकाल जगाएवढा. दुधाच्या दातांची गोष्ट.

पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती १९२१ मध्ये थॉमस मिज्ली नावाच्या अभियंत्याने काढली. (खडूसा, तुझ्या जातीचा. पुढे सीएफसीही त्याच्याच हातून आले. एका माणसाने दोन्ही उद्योग केले.) त्यानंतर काही दशकं जगभरच्या धुराड्यांतून शिसं बाहेर पडत राहिलं. क्लेअर पॅटरसन हा भूरसायनज्ञ उल्केतलं शिसं मोजून पृथ्वीचं वय काढत होता. त्याचे नमुने सारखे नासायचे, कारण प्रयोगशाळेच्या हवेत, धुळीत, माणसांच्या केसांत सगळीकडे शिसं. त्याने काटेकोर स्वच्छ प्रयोगशाळा बांधली, १९५६ मध्ये पृथ्वीचं वय काढलं, आणि मग विचारलं की हे शिसं आलं कुठून? १९६५ मध्ये त्याने उत्तर छापलं आणि उद्योगाचं वैर ओढवून घेतलं.

पण 'थोडं शिसं अंगात असलं तर काय बिघडतं?' हा प्रश्न उरलाच होता. रक्तात शिसं टिकत नाही, दातात टिकतं. हर्बर्ट नीडलमन या बालरोगतज्ज्ञाने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या दोन गावांत पहिली-दुसरीच्या मुलांना सांगितलं, दात पडला की आणून द्या. शिक्षकांनी गोळा केले. दोन हजारांहून जास्त मुलांनी दात दिले. १९७९ मध्ये निकाल आला : ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती मुलं आजारी दिसत नव्हती, तरी बुद्धिमापन चाचणीत आणि वर्गातल्या लक्षात मागे होती.

उद्योगाच्या बाजूच्या तज्ज्ञांनी नीडलमनवर संशोधनात लबाडी केल्याचा आरोप केला. चौकश्या झाल्या. तो निर्दोष सुटला, पण मधली वर्षं गेली ती गेलीच. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाच्या पेट्रोलवर पूर्ण बंदी १९९६ मध्ये आली. जगात सर्वांत शेवटी अल्जीरियाने ते विकणं थांबवलं, २०२१ मध्ये. मिज्लीपासून बरोबर शंभर वर्षं.


अर्धा_ग्लास

शंभर वर्षं. आणि तरी मला ही गोष्ट वाचून बरं वाटतंय, हे विचित्र आहे. कदाचित कोणीच हिरो नाही म्हणून. एकाने दगड मोजले, दुसऱ्याने दात, पोरांनी नुसता दात दिला.

आजी, तुम्ही सांगितलेल्यातला एक भाग केला. जवळच्या ओढ्याचं पाणी महिन्यातून एकदा तपासणारा एक गट सापडला, रविवारी जातो आहे. त्यांना नोंदी संगणकावर चढवणारा माणूस हवा आहे आणि मला तेवढंच येतं.


खडूस_अभियंता

नोंदी चढवताना तारीख, वेळ आणि कुठल्या उपकरणाने मोजलं ते प्रत्येक ओळीत लिही. उपकरण बदललं तर काही महिने जुनं आणि नवं दोन्हींनी मोजा, नाहीतर दहा वर्षांनी कोणीतरी म्हणेल की फरक पाण्यात नव्हता, उपकरणात होता. हॅलीच्या लोकांचं म्हणणं टिकलं ते या शिस्तीमुळेच.

तक्त्याचा नमुना हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, माझ्याकडे तयार आहे.


रानपाखरू

खडूसदादा, नमुना मलाही पाठवा. शाळा_सुटली यांनी म्हटलेलं पालवीच्या तारखेचं काम मुलांबरोबर सुरू करायचं आहे.

आणि आजी, दातांची गोष्ट पुढच्या वेळी घेते. एकच अडचण : माझ्या गटात सध्या पाच जणांचे दात हलताहेत. गोष्ट संपल्यावर ते सगळे दात माझ्या हातात येणार, त्यांचं मी काय करू ते कोणीतरी सांगा.